तिसरी थाप

१

दळण तिथं कट्ट्यावर ठेवा, मास्तर, आणि बसा. इंजिनाला काही झालेलं नाही. तेल आहे, पट्टा जागेवर आहे, जातं परवाच टाकवून घेतलंय. तरी मी हँडल मारत नाही म्हणून मघापासून तुम्ही माझ्याकडं आणि घड्याळाकडं आळीपाळीनं बघताय. नाथाला म्हातारचळ लागलाय, हे तुमच्याही कानावर आलंच असेल. कोरेगाव आहे हे. इथं माणूस शिंकला तरी बाजारभर होतं.

तुम्ही गावात नवे, म्हणून सांगतो. जुन्यांना सांगायचं मी सोडलं. अर्धे हसतात, अर्धे अंगारा आणून देतात, आणि मला दोघांचाही सारखाच राग येतो. भुताखेतावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. मी इंजिनाचा माणूस. बिघाडाला कारण असतं आणि ते झाकण उघडलं की सापडतं, या एका गोष्टीवर सगळी उमर काढली. बरी गेली. दोन वेळचं खातोय, रात्री झोप लागते, कुणाचं वाईट चिंतलं नाही. फक्त एका सकाळचं कारण मला झाकणाखाली सापडलं आणि तरी पटलं नाही.

आज मी गिरणीवाला. पण एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली मी विमानावर मेकॅनिक होतो. होय, विमानावर. हसा, हसून घ्या एकदाचं.

२

मला हे काम शिकवलं मिरजेच्या कुतुबुद्दीन उस्तादांनी. त्यांच्या घरात सतारी बनवायचं काम. भोपळा पोखरायचा, दांडी बसवायची, पडदे बांधायचे, तारा चढवायच्या. लढाई लागली तेव्हा सरकारला हातात कसब असलेली माणसं हवी होती. उस्ताद विमानतळावर कामाला आले आणि तिथलेच झाले; मी त्यांच्या हाताखाली. साहेब लोक इंजिन तपासायला काटे आणि कागद घेऊन बसायचे. उस्ताद पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "सात नंबर बेसूर बोलतोय." उघडलं की सात नंबरचाच सिलिंडर बिघडलेला निघायचा.

"डोळ्याला इंजिन दिसतं, बेटा," म्हणायचे. "कळतं ते कानाला."

पाइपाचा सांधा गळायला लागला तर त्यावर पितळी तार गुंडाळायचे. सतारीचा पडदा बांधतात तशी, वेढ्याला वेढा चिकटून, आणि शेवटी एक उलटी गाठ. ती गाठ तिथं दुसऱ्या कुणाला जमायची नाही. मी शंभरदा बघून शंभरदा केली आणि शंभरदा सुटली.

आणि त्यांचा एक नेम होता. इंजिनात हात घातलेल्या माणसानं काम झालं की पान्यानं झाकणावर थापा द्यायच्या. दोन लागोपाठ, मग थांबून तिसरी. पहिल्या दोन म्हणजे काम झालं, आवरतोय. तिसरी म्हणजे माझे हात बाहेर आहेत. मधे कितीही वेळ जाऊ दे, कॉकपिटात बसलेल्यानं तिसरी ऐकल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण आमच्या टोळीत ते पुस्तकाच्या वरचं होतं.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात मी कॉकपिटात बसलो होतो आणि उस्ताद डाव्या इंजिनापाशी शिडीवर होते. दोन थापा पडल्या. खाली एक गोरा साहेब घड्याळ दाखवून ओरडत होता. मी बटण दाबलं. तिसरी पडली नव्हती, मास्तर. पडली नव्हती हे मला माहीत होतं. आता पडेलच, म्हणून दाबलं.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत उस्ताद हाताला फडकं गुंडाळून उभे राहिले आणि म्हणाले, "थाप मी दिली होती, साहेब. मीच परत हात घातला. नाथाचा काही दोष नाही." त्यांना घरी पाठवलं. त्यांची जागा मला मिळाली. आणि मी असा हलकट, की चार वर्षांत मिरजेला गेलो नाही. आपल्या कोरेगावच्या स्टेशनात गाडीत बसलं की थेट मिरजेला उतरता येतं. गावी यायचो तेव्हा ती गाडी रोज डोळ्यांसमोरून जायची. तोंड दाखवायची लाज वाटायची, दुसरं काही नाही.

३

लढाई संपल्यावर सरकारी डकोटा विमानं विकायला निघाली. एका लहान कंपनीनं त्यातली काही घेतली आणि मुंबई ते बंगळूर उतारू न्यायला सुरुवात केली. मी तिथं चिकटलो. वाटेत बेळगावला उतरायचं, तिथं मेकॅनिक नसायचा, म्हणून मला बरोबरच नेत. दोघा पायलटांच्या मागं एक घडीचं स्टूल होतं, ती माझी जागा. खाली घाट, नद्या, मग आपला अजिंक्यतारा. सातारा आलं की मी वाकून बघायचो आणि मनात म्हणायचो, नाथा, लेका, तुझ्या बापानं बैलगाडीच्या वर काही पाहिलं नाही. लई सुखाचे दिवस होते ते.

त्या दिवशी मार्गशीर्षातलं स्वच्छ ऊन होतं. सतरा उतारू. कॅप्टन वाईचे, शरच्चंद्र वैशंपायन, शांत माणूस, सुपारी कातरत विमान चालवील असा. निघताना मी दोन्ही इंजिनं बघितली, डाव्याच्या झाकणावर दोन थापा मारल्या, हात बाहेर काढून तिसरी मारली. उस्तादांचा नेम मी सोडला नव्हता. मोडला एकदाच.

साताऱ्यावर आलो आणि डाव्या इंजिनाच्या तेलाचा काटा खाली झुकला. पहिल्यांदा वाटलं काटाच बिघडलाय. मग खिडकीतून बघितलं तर पंखावर काळा ओघळ मागं पळत होता. तेलाचा पाइप गेला होता. तो पाइप मी आठच दिवसांपूर्वी स्वतः नवा घातला होता, म्हणून मला जास्तच झोंबलं.

"बंद करावं लागेल, साहेब," मी म्हणालो.

"कर."

पेट्रोल तोडलं, पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेवर वळवली, ठिणगी बंद केली. पंखा गरगरत गरगरत थांबला. एक पातं सरळ वर उभं राहिलं. एका इंजिनावर डकोटा चालतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मागं पुण्याला वळायचं तर डोंगर आडवे. पुढं कृष्णा धरून गेलं तर सांगली-मिरजेच्या मधे लढाईत सपाट केलेला एक माळ होता, अर्ध्या तासाच्या आत. कॅप्टननी तेच ठरवलं. मागं जाऊन मी उतारूंना सांगितलं की जरा सांगलीला थांबू, काळजी करू नका.

परत येऊन स्टुलावर बसतो तोच डावीकडून, भिंतीच्या पलीकडून, बारीक आवाज यायला लागला.

४

आता तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणाल तापलेलं लोखंड गार होताना टकटकतं. मीही तेच म्हणालो. जोरात म्हणालो, मनातल्या मनात. पण गार होणारं लोखंड आधी भराभर टकटकतं आणि मग हळूहळू कमी होतं. हा आवाज तसा नव्हता. हा खर्र असा यायचा, थांबायचा, परत खर्र. एखादं काम चाललंय, जागेवरून हात बदलतोय, असा.

पेचकस खिशात होता. मी त्याचं टोक डावीकडच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चार वर्षांत मी तसं केलं नव्हतं. काटे आहेत, कागद आहेत, असं स्वतःला सांगत आलो होतो.

पहिल्यांदा उजव्या इंजिनाची घरघर आली, ती येणारच. तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं. तार ओढून आवळतात तो आवाज. वेढा, मग ताण, मग अंगठ्यानं दाबून बसवायचं, मग पुढचा वेढा. रजेवर असताना मिरजेत उस्तादांच्या ओसरीवर बसून मी तो आवाज ऐकत तासन्‌तास काढले होते. आणि त्या आवाजाच्याही खाली कुणीतरी नाकातल्या नाकात एकच सूर धरला होता. उस्ताद काम रंगात आलं की धरायचे तसा.

मी पेचकस खाली ठेवला. गंमत सांगू का, मला भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. घरी उशिरा पोचावं आणि स्वयंपाकघरातून ओळखीची भांडी वाजावीत, तसं बरं वाटलं. मग ध्यानात आलं की आपण आठ हजार फुटांवर आहोत आणि भिंतीच्या पलीकडं पाय ठेवायला जागा नाही.

५

"आवं," मागून हाक आली, "आवं मिस्त्री, हिकडं या की वाईच."

डाव्या खिडकीशी रंगुबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. वडूजकडची. मुलगा बंगळूरला पलटणीत सुभेदार, त्यानं आईला हौसेनं तिकीट पाठवलं होतं. सकाळपासून मांडीवर भाकरीचं फडकं धरून ती खिडकीबाहेर बघत होती, आणि साऱ्या विमानात तीच एक निवांत दिसत होती.

"त्यो भायेर बसल्याला माणूस तुमचाच हाय न्हवं?" ती म्हणाली.

"कोण माणूस, आजी?"

"आवं, त्यो काय पंख्यामागं. कवाधरनं काम करतोय बिचारा. त्याला आत घ्या की. लय गार वारं हाय."

मी तिच्या डोक्यावरून वाकून बघितलं. उभं पातं. तेलाचा ओघळ. इंजिनाचं झाकण खालच्या कडेला बोटभर उचललेलं, आणि त्या फटीत निळ्या कापडाचं टोक फडफडत होतं. चिंधी असेल. मी सकाळी पुसायला घेतलेली चिंधी पांढरी होती, पण असेल एखादी. मी बघत असताना ते टोक आत ओढलं गेलं. वाऱ्यानं कापड बाहेर ओढलं जातं, मास्तर. आत नाही.

"दिसला का?" रंगुबाई म्हणाली.

"दिसला," मी म्हणालो. माझ्या तोंडून गेलंच ते.

"मंग घ्या की आत त्याला."

"काम संपलं की येईल तो, आजी," असं सांगून मी पुढं आलो.

६

पुढं कॅप्टनच्या कपाळाला घाम आला होता. उजवं इंजिन एकट्यानं भार ओढून तापलं होतं आणि त्याचा काटा लाल रेघेला लागला होता. सांगली समोर दिसत होती, कृष्णेचं वळण दिसत होतं, पण विमान उतरत चाललं होतं आणि मधे आणखी दहा-बारा मैल होते. खाली ऊस, विहिरी, झाडं. तिथं उतरणं म्हणजे सतरा माणसांची माती.

"नाथा," कॅप्टन म्हणाले, "उजव्याला दम द्यायला हवा, नाहीतर तेही जाईल. डावं सुरू करू. तेलाशिवाय दोन मिनिटं चाललं तरी बास."

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी वाकून ठिणगीच्या खटक्याकडं हात नेला.

टक् टक्.

डावीकडून. पत्र्यावर पाना. लागोपाठ दोन.

माझा हात होता तिथं थांबला.

"काय झालं?" कॅप्टन म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत?"

"मी काही ऐकलं नाही. सुरू कर."

मी तळहात खटक्यावर झाकून धरला. खालची जमीन वर येत होती. विहिरीवरचा मोटेचा बैल दिसायला लागला. जोडीचा पायलट माझ्याकडं बघत होता, वेड्याकडं बघावं तसा. आणि माझ्या डोक्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, नाथा, बाहेर कुणी नाही, असूच शकत नाही, मागं सतरा जीव आहेत, म्हातारी आहे. दुसरा एवढंच म्हणत होता की तिसरी पडलेली नाही.

"साहेब, जरा थांबा."

"कशासाठी?"

काय सांगणार होतो? "तेल उतरतंय," मी म्हणालो. "थोडं उतरू द्या." धादांत खोटं होतं ते.

"नाथा, हात काढ!" कॅप्टन ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी माझं मनगट धरलं. मी दुसरा हातही वर ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. मी रडत होतो, मास्तर, सांगायला लाज कसली. चव्वेचाळीस साली कुणी असं माझं मनगट धरायला हवं होतं. आत्ता पडेल, असं त्या वेळी वाटलं होतं, तसंच आताही वाटत होतं, आणि तेवढ्यासाठीच हात निघत नव्हता. बाभळीचे शेंडे खिडकीच्या खालून सरकायला लागले. उजव्या इंजिनाला खोकला आला. एकदा, मग परत एकदा. मागं कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मी डोळे मिटले. पडू दे, उस्ताद, म्हटलं, आपटलो तरी चालेल, पण तुम्ही आधी हात काढा.

टक्.

मी खटका वर केला. पाती वळली, पंखा फिरला, एक ठसका, आणि डावं इंजिन सुरू झालं. तेलाचा काटा उठून आपल्या जागेवर जाऊन बसला, अगदी रेघेवर. विमानानं नाक वर घेतलं. आणि ते इंजिन काय बोलत होतं! माझ्या हातून तसं सुरात लागलेलं इंजिन मी आधी कधी ऐकलं नव्हतं. अंगातून सगळा ताण उतरला. मी खाली बसलो ते माळावर चाकं टेकेपर्यंत उठलो नाही.

७

उतारू खाली उतरून गवतात बसले. रंगुबाईनं फडकं सोडून भाकरी सगळ्यांना वाटली. मी शिडी लावली, आत आवाज येतोय का ते थांबून ऐकलं, आणि मग झाकण उघडलं.

पाइपाचा सांधा फुटला होता. त्या सांध्यावर पितळी तार होती, वेढ्याला वेढा चिकटून, शेवटी उलटी गाठ. आठ दिवसांपूर्वी तो पाइप मी बसवला तेव्हा त्यावर तारेचा तुकडा नव्हता. टाकीत जे थोडं तेल उरलं होतं, त्यातला थेंबसुद्धा आता गळत नव्हता.

"कुणी बांधलं हे?" खालून कॅप्टननी विचारलं.

"माझ्या उस्तादांनी."

"केव्हा?"

झाकणाच्या आतल्या अंगाला काळ्या तेलात हात उमटला होता. उजवा हात, आधाराला टेकवलेला. मी बोटं मोजली. मग परत मोजली. पाच होती.

कॅप्टनना सांगून मी टांगा केला आणि मिरजेला गेलो. दुपारचं ऊन होतं. ओसरीवर तेच भोपळे टांगलेले, तोच लाकडाच्या भुशाचा वास. चांदबी, उस्तादांची बायको, दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि ओळखलं.

"चार वर्षांनी वाट सापडली व्हय?" ती म्हणाली.

"चुकलो, भाभी. उस्ताद कुठं आहेत?"

"झोपल्यात. सकाळी बरे होते. दहाच्या सुमाराला म्हणाले, जरा पडतो, मला उठवू नको. अन् झोपेत हात आपटत होते खाटेवर. दोनदा आपटला. मग किती वेळ काहीच न्हाई. माझा जीव घाबरा झाला, हलवायला गेले, तवा तिसऱ्यांदा आपटला अन् गप झाले. आत जा, अन् ती चादर बघ माझी. कालच धुतल्याली. चार वर्षं ह्या माणसानं तेलात हात घातला न्हाई, अन् आज बघ."

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं मला आधी काही दिसलं नाही, फक्त वास आला. गरम तेलाचा. मग खाट दिसली. उस्ताद कुशीवर झोपले होते, अंगात विमानतळावरचा जुना निळा सदरा, उजवी बाही कोपरापर्यंत फाटलेली. हात उशाशी होता. कोपरापर्यंत काळा, चटके बसलेला. अंगठा आणि एक बोट. बाकीची तीन नव्हती. पण चादरीवर, हात होता तिथं शेजारीच, तेलाचा डाग होता. मी त्या डागाकडं जास्त वेळ बघितलं नाही. एवढं सांगतो, बोटं मोजली नाहीत.

मी खाटेशी बसलो आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"आलास?" ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "लई गरम होतं रं आत."

"उस्ताद, त्या दिवशी तिसरी पडली नव्हती. मला माहीत होतं. मी दाबलं."

"मला बी माहीत होतं, बेटा." त्यांनी तो दोन बोटांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, तेलानं माझे केस माखले. "ह्या टायमाला थांबलास," म्हणाले. "बास झालं. चांदबी, च्या टाक. अन् नाथा, जाताना उजवं इंजिन तू बघ. मला आता दोन्हीकडं जमत न्हाई."

मी हसलो की रडलो ते आता आठवत नाही. चहा मात्र आठवतो, बशीतून प्यालेला. इतका गोड चहा मी परत प्यालो नाही.

८

पुढं दोन वर्षांनी मी विमान सोडलं आणि इथं गिरणी टाकली. उस्ताद गाडीनं यायचे, स्टेशनातून चालत गिरणीवर येऊन तुम्ही बसलाय तिथंच बसायचे, पेचकस इंजिनाला लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. त्या सकाळविषयी आम्ही कधी बोललो नाही. मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. सुखात गेली ती वर्षं. मग एक दिवस चांदबीचं कार्ड आलं. मी मूठमाती द्यायला गेलो होतो.

परत आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल उचललं, आणि इंजिनातून आवाज आला. टक् टक्. मी हँडल खाली ठेवलं. थोड्या वेळानं तिसरी आली. मग सुरू केलं. त्याला आता सोळा वर्षं झाली. रोज सकाळी तसंच. एक दिवस खाडा नाही. पट्टा कधी तुटला नाही, बेअरिंग कधी गेलं नाही. लोक म्हणतात, नाथाचं इंजिन भारी. मी म्हणतो, हो.

मला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर सोबत वाटायची. दोन पडल्या की मी तंबाखू मळतो, मळून होईतो तिसरी येतेच.

आज सकाळी साडेसहाला दोन पडल्या. आता पावणेदहा वाजलेत.

तुमची शाळा असेल, घाई असेल, तर मारुतीच्या देवळामागं दुसरी गिरणी आहे, तिथं जा. मला राग नाही. पण त्या हँडलाकडं असं बघू नका, आणि गंमत म्हणूनसुद्धा त्याला हात लावू नका. आत हात आहे.